खुर्चीपेक्षा वीतभर उंच

गुणमालाकाकूंची खुर्ची मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिच्यावर दोडक्यांची बुट्टी होती. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. काकू मात्र दोन्ही दिवशी उभ्याच.

हे सत्त्याण्णव सालचं. काकूंचा उजवा गुडघा मिरजेला बदलला होता आणि व्यायाम करून घ्यायला मी विश्रामबागेतून लूनावर त्यांच्या गावी जायची. मी आम्रपाली, नुकतीच फिजिओथेरपी शिकून बाहेर पडलेली. हातात कोन मोजायची पट्टी असायची आणि तोंड जरा जास्तच चालायचं.

काकू सोळाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या. चव्वेचाळीस वर्षं चुलीपुढं भाकऱ्या, गोठ्यात म्हशींच्या धारा, हळदीच्या रानात भांगलण, सगळं उकिडवं बसून. डॉक्टरांनी सांगितलं, आत हाडावर हाड घासतंय. त्यावर काकू म्हणाल्या, "आस्सं! मग त्यो करकर आवाज कसला त्ये आता कळलं."

गुडघा वाकवताना वॉर्डात धडधाकट गडी आईबापाला हाका मारताना मी पाहिलेत. काकू डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायच्या. मंत्र संपेपर्यंत मी दाब सोडायचा नाही, असा आमचा ठराव होता. हूं की चूं नाही. मला या बाईचा अचंबा वाटायचा.

पण गुडघा काही ऐकेना. सोमवारी पंच्याहत्तर अंश वाकलेला, मंगळवारी सत्तरवर आलेला, वर टम्म सूज. पंधरा दिवसांत नव्वद झाला नाही, तर पुन्हा भूल देऊन जबरदस्तीनं वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पुन्हा ते टेबल म्हटल्यावर काकूंचा चेहरा पांढरा पडला होता.

बुधवारी माझी पट्टी त्यांच्याकडे राहिली, म्हणून दुपारी परत गेले. काकू ओट्यावर दोन्ही हात टेकून उभ्या.

"सकाळपासून बसलाच नाहीत?"

"कुटं बसू? भुईवर बसू नका म्हणालासा तुमीच."

"मग जरा पलंगावर आडवं व्हायचं."

"दिवसाढवळ्या पडाय मी काय बाळंतीण हाय?"

"अहो, खुर्ची आहे की!"

काकूंनी नुसती नजर पुढच्या सोप्याकडे वळवली. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं. तिथं चटईवर त्यांचे सासरे, शहाऐंशी वर्षांचे आदगोंडा आप्पा, पोथी वाचत होते. आप्पांनी पंधरा वर्षांपूर्वी मुनिमहाराजांसमोर नियम घेऊन खुर्ची, खाट आणि गादी सोडली होती.

"मामंजी भुईवर आन् मी वर? आवं, कायतरीच बोलतासा."

माझं डोकंच फिरलं. दोन तास खपून मी गुडघा वाकवायचा आणि यांनी दिवसभर मानमर्यादेपायी तो सुजवायचा! मी तरातरा सोप्यात गेले आणि आप्पांना तोंडावर सांगितलं, "तुमची सून तुमच्यामुळं बसत नाही."

आप्पा सुनेशी थेट कधी बोलले नव्हते. काही हवं असलं तर "आत सांगा" म्हणायचे. त्यांनी पोथी मिटली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला म्हणावं, बस."

"व्हय," आतून काकू म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा चटई उचलून अंगणात जाऊन बसले. काकूंनी मुलाला, वर्धमानला, पाठवून त्यांना परत आणवलं. "माज्यापायी मामंजींनी घर सोडलं म्हणत्याल लोक." मी कपाळाला हात लावला. निघताना पाहिलं, तर आप्पा रिकाम्या खुर्चीजवळ काठी उभी धरून काहीतरी मोजत होते. म्हातारा आता खुर्ची मोडीत काढणार, असं मला वाटलं.

मग सोप्यात गवंडी आला. मी मागच्या खोलीत व्यायाम घेत राहिले. आप्पांवर मी रुसले होते, म्हणून काय चाललंय ते विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी गेले, तर सोप्याच्या भिंतीला लागून एक कट्टा पुरा झाला होता. विटांचा, वर शहाबादी फरशी, चढायला दोन पायऱ्या. फरशी म्हणजे खुर्चीही नव्हे आणि खाटही नव्हे. आप्पांनी भिंतीला हात धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्यांचा गुडघा करकरला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. दुसरी पायरी. मग ते सावकाश वळून बसले.

"गुणमाला," आप्पा म्हणाले. वर्धमानच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मी वर बसलोय. आता तू बस."

काकूंनी खुर्चीवरची बुट्टी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि बसल्या. त्यानंतर मी शेकडो माणसांना बसायला शिकवलंय, पण तसं बसणं पुन्हा पाहिलं नाही.

आप्पांनी गवंड्याला सांगितलं होतं म्हणे, "खुर्चीपरास ईतभर उंच धर." जेवायला, देवळात जायला ते उतरायचे आणि पुन्हा चढायचे, दिवसातून पाच-सहा वेळा. इकडं काकूंची सूज ओसरली. मुदत संपायच्या दोन दिवस आधी माझी पट्टी पंच्याण्णववर गेली.

शेवटच्या दिवशी मी आप्पांना विचारलं, "चढताना गुडघे दुखत असतील ना?"

"दुखत्यात की." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "पर तिचं किती वर्सं दुखत हुतं कुणाला ठावं. मी कवा इचारलंच न्हाई."

काकू समोर खुर्चीत पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सरळ सासऱ्यांकडे पाहिलं.

"बारा वर्सं, मामंजी," काकू म्हणाल्या.