आधी हळद, मग अक्षर

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात कापायला लागला. चहाचा कप बशीत वाजतो, बँकेतून सही परत येते, बायको पाण्याचा पेला अर्धाच भरून देते, हे सगळं मी अंगवळणी पाडून घेतलं होतं. चित्रकलेचा मास्तर होतो, निवृत्त झालो, आता कुठे फळ्यावर मोर काढायचाय! पण मुलीचं लग्न ठरलं आणि मी कपाटात बोरू शोधायला लागलो.

कारण आमच्या भाऊबंदांत लग्नाच्या पत्रिका मी लिहायचो. छापायच्या नाहीत, लिहायच्या, बोरूनं. आणि त्यातही आमच्या घरची उलटी रीत. बाकी लोक छापून आलेल्या पत्रिकेला हळद-कुंकू लावतात. आमच्याकडे बायको आधी कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाचं बोट लावायची, ते वाळलं की मी लिहायला बसायचो आणि कोपऱ्यातली वेल त्या हळदीवरूनच काढायचो. हे कधी सुरू झालं, दोघांनाही आठवत नाही.

मुलीनं सरळ सांगून टाकलं, "बाबा, कार्ड तुमच्याच अक्षरात पाहिजे. नाहीतर मोबाइलवर मेसेज भेज देंगे, बात खतम."

म्हणजे गोची माझीच. अकरा दिवस रोज सकाळी बसलो. बाराव्या दिवशी हात जरा शांत होता, तेव्हा एक पान, फक्त एक पान, पुरं झालं. एका ओळीत रेघ थोडी हलली होती, पण अक्षर माझं होतं. आता त्याच्या सव्वाशे प्रती हव्या होत्या, त्याही केळीच्या खांबाच्या रेशांपासून, म्हणजे धाग्यांपासून, हातानं केलेल्या जाड, खरबरीत कागदावर. मुलीची हौस! प्रेसवाल्यानं ते पान पाहिलं आणि म्हणाला, "सर, ये सब साफ करके नया फॉन्ट डाल देते हैं." मी त्याच्या टेबलावरून पान उचललं आणि नमस्कारही न करता बाहेर पडलो.

मग घरीच प्रिंटर आणायचं ठरलं. मला यंत्रांचा मुळात राग. त्यात दुकानदार कागदाचं नाव काढलं की गप्प होतात आणि स्पीड सांगायला लागतात. मला स्पीड काय करायचाय? ड्रॉइंगच्या पॅडमध्ये ते लिहिलेलं पान आणि चार कोरे कागद घालून मी दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात लेझर प्रिंटर होता. त्यातून कागद पापडासारखा वळून बाहेर आला आणि बोट फिरवलं तर काळी भुकटी हाताला. दुसऱ्या दुकानातल्या मशीनला कागद खालच्या ट्रेमध्ये घालायचा. तो आत जाऊन पुरता उलटा वळतो आणि मग वर येतो. माझा कागद कसला वळतोय! मध्येच अडकला, फाटला. दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला, जणू काही मी त्यात लाकडाची फळी घातली होती.

तिसरा दुकानदार निघाला माझाच जुना विद्यार्थी. डोकं खाजवत म्हणाला, "सर, तुम्हाला पीछे से सीधा जाणारा पाहिजे. शाईच्या टाकीवाला. आणि काळी शाई अशी पाहिजे, की रेशात पसरली नाही पाहिजे." त्यानं माझं पान नक्कल काढायला मशीनच्या काचेवर ठेवलं आणि कोरा कागद मागच्या फटीत उभा धरला. मशीननं तो सरळ खाली ओढला, समोरून बाहेर काढला. न वळता, न दुमडता. मी चष्मा काढून अक्षर पाहिलं. फुटलं नव्हतं. तिथेच एका स्टुलावर बसलो. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला असेल!

खोकं घेऊन रिक्षानं घरी आलो, तर जमिनीवर चटई, चटईवर माझे सव्वाशे कागद आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यांना ओली हळद, वर कुंकू. कोपरे फुगून लाटा आल्या होत्या. माझं डोकं फिरलं. "अगं, मशीनमध्ये जायचेत ते! काऊन लावली आत्ताच? सत्यानाश केलास!" आणखी बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही.

बायकोनं बोटं पदराला पुसली. "मशीनच्या गोष्टी मला नका सांगू," ती म्हणाली. "अक्षर तुमचंच आहे ना? मग हळद आधीच लागेल."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. प्रिंटर आणायला गेलेला मी, मनातून मात्र पत्रिका आपल्या राहिल्या नाहीत असं धरून बसलो होतो. हिनं तसं धरलंच नव्हतं. लाज वाटली, फार लाज वाटली.

कागद पंख्याखाली वाळवले, रात्रभर ड्रॉइंग बोर्डाखाली वजन ठेवून दाबले. सकाळी रुंद मऊ ब्रशनं सुटी भुकटी झाडली. मूळ पान मशीनच्या काचेवर ठेवलं. पहिला कागद दोन बोटं आत गेला आणि थांबला. मुलीनं रबराचा रोलर ओल्या फडक्यानं पुसला, मी देवाचं नाव घेतलं. दुसरा गेला. घरघर झाली आणि माझं अक्षर बाहेर आलं, हललेल्या रेघेसकट. कोपऱ्यातली वेल हळदीवरून गेली होती, नेहमीसारखी. मी एकेक कागद घालत होतो, मुलगी एकेक उचलत होती आणि बायको मोजायचं सोडून नुसती बघत होती.

पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली, दुसरी बहादरपूरला माझ्या मोठ्या चुलत बहिणीकडे गेली. तिच्या लग्नापासूनच्या सगळ्या पत्रिका तिनं पेटीत जपून ठेवल्यात. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"भाऊ, तुझा हात बरा झाला रे! मी बोट फिरवून पाह्यलं. शाई हळदीच्यावर आहे. म्हणजे तूनंच लिहिली."

मी बायकोकडे पाहिलं. फोनमधून सगळं ऐकू येत होतं. तिनं हळूच मान हलवली.

"हो ताई," मी म्हणालो. "मीच लिहिली."

फोन ठेवला. बायकोनं पाणी आणून दिलं. पेला काठोकाठ भरलेला होता. थोडं सदऱ्यावर सांडलं, बाकीचं मी प्यायलो.