खेच आणि ताकद

बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी मला जबलपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात तात्पुरती नोकरी लागली. बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर दीक्षितपुऱ्यातल्या घरात आई आणि मी, दोघीच उरलो. मी गणित घेऊन बीएस्सी झालेली. लढाईपायी कारखान्यात काम दुपटीनं वाढलं होतं आणि टेस्ट हाऊसला आलेख काढणारं माणूस हवं होतं.

इंजिन ट्रकमध्ये बसवण्याआधी तिथं त्याची ताकद मोजत. त्याला डायनोला जोडायचे. डायनो म्हणजे पाण्याच्या जोरावर चालणारा मोठा ब्रेक. इंजिन त्याला फिरवायला बघतं, पाणी अडवतं, आणि त्या ओढाताणीचं वजन बाजूच्या काट्यावर दिसतं. टेस्टर एकेका वेगाला काटा वाचून तक्त्यात लिहायचा, समोर घड्याळातली वेळही टाकायचा. इंजिनाच्या खोलीला लावलेल्या काचेच्या अलीकडे बसून मी त्याचा हिशेब करायची आणि ग्राफ पेपरवर दोन रेघा काढायची.

एक रेघ लवकर वर जाऊन खाली वळायची, दुसरी बराच वेळ चढतच राहायची. एकाच इंजिनाच्या दोन रेघा अशा वेगळ्या कशा, हे मी शेवटी टेस्टरलाच विचारलं. तो मझौलीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा.

"देखिए," तो म्हणाला, "बैल एक बार में कितनी भारी मोट खींच लेगा, ये एक बात हुई. घंटे भर में कुल कितना पानी निकालेगा, ये दूसरी बात. बैल तेज चला तो हर फेरे में थोड़ा कम खींचेगा, पर पानी ज्यादा निकलेगा. एक हद तक."

पहिली गोष्ट खेच, दुसरी ताकद. त्या दिवसापासून मला आलेख वाचता यायला लागला. घरी पोळ्या लाटताना मी आईला बैलाचं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तू आजकाल लई बोलून राहिली."

टेस्ट हाऊसमध्ये सगळे मला दीदी म्हणत, पन्नाशीचे फोरमनसाहेबसुद्धा. टेस्टर मात्र कधी म्हणाला नाही. 'सुनिए' म्हणायचा. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि आल्यावर मी रोज त्या शब्दाची वाट बघू लागले.

थंडीच्या सुरुवातीला आलेखांत खड्डे दिसू लागले. रेघ नीट चढता चढता मध्येच बुडायची, पुन्हा वर यायची. तीन इंजिनं उघडून पाहिली, दोष सापडला नाही. फोरमनसाहेब चिडले. काटा वाचताना तुझं ध्यान नसतं, टेस्टरला म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून त्याला डायनोवरून काढायचं ठरवलं.  त्या दुपारी तो डबा न उघडताच बसून राहिला.

मी सगळे जुने तक्ते काढून बसले. खड्डे प्रत्येक इंजिनाला वेगळ्या वेगावर होते, त्यामुळे कुणाला काही उमजत नव्हतं. पण वेळेचा रकाना बघितला तर खड्डा नेमका जेवणाच्या सुट्टीच्या आधी पाच-सात मिनिटांत. त्या वेळी शंभरेक माणसं नळांवर हात धुवायला जात. डायनोचं पाणीही त्याच टाकीतून यायचं.

मी त्याला सांगितलं. त्यानं वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आप जाकर नल खोलिए. मैं काँटा देखता हूँ."

मी बाहेर जाऊन एकामागून एक सगळे नळ सोडले. साडीचा काठ भिजला. परत आले तेव्हा काचेपलीकडून तो हसत होता. पाण्याचा दाब पडला की ब्रेकची पकड ढिली होत होती आणि काटा खाली येत होता. इंजिनं ठणठणीत होती. फोरमनसाहेबांनी डायनोला वेगळी टाकी दिली आणि तो आपल्या जागी राहिला.

लढाई संपली. उन्हाळ्यात मला नोकरी संपल्याचा कागद मिळाला. शेवटच्या दिवशी तो काचेच्या अलीकडे आला.

"सुनिए. अब आप क्या करेंगी?"

"नागपुर का एक रिश्ता है," मी म्हणाले. "माँ बात कर रही हैं."

"अच्छा." मग त्यानं विचारलं, "पक्का हो गया?"

मी हो म्हणून मान हलवली. पक्कं काहीच झालं नव्हतं. एक पत्र आलं होतं, आईनं त्याला उत्तरही दिलं नव्हतं. मग मान का हलवली? आईची, दीक्षितपुऱ्यातल्या चार घरांची भीती वाटली असेल. त्यानं कानात कापूस घातला आणि पुढचं इंजिन चालू करायला आत गेला.

ते लग्न पुढे झालं. नवरा भला माणूस होता. नागपूरला मी शाळेत गणित शिकवलं. माहेरी आले की संध्याकाळी भाजीचं निमित्त काढून कमानिया गेटजवळ उभी राहायची. कारखाना सुटल्यावर सायकलींची रांग तिकडून जायची. शेवटची सायकल गेली की घरी यायची. आई विचारायची, "भाजी काहून नाही आणली?"

असं सहा-सात वर्षं चाललं. मग टेस्ट हाऊसमधले एक जुने सहकारी बाजारात भेटले. त्यांच्याकडून कळलं, की तो मी गेल्यावर वर्षभरातच दक्षिणेकडच्या कुठल्याशा कारखान्यात बदली मागून गेला होता.

पुढच्या माहेरपणालाही मी कमानिया गेटजवळ जाऊन उभी राहिले.