ताईबाईंची जास्तीची मूठ

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात ताईबाईंच्या शब्दाला वजन होतं. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मोजायचे ते त्यांनीच; घरातल्या लहानमोठ्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्यात लुडबुड करायची कुणाची टाप नव्हती.

चार वर्षांपूर्वी सून नूतन पोटुशी होती, तेव्हा मात्र बाईंना घाई झाली. नातूच होणार असं ठरवून त्यांनी न जन्मलेल्या बाळाच्या नावानेही गुपचूप सव्वा मूठ टाकली. नातूच झाला, तेजस. पण चालायला उशिरा, बोलायला त्याहून उशिरा. बदामी डोळ्यांचं ते गोडुलं पोर दिसेल त्याच्या मांडीवर जाऊन बसे. डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम म्हटलं, ते बाईंच्या डोक्यावरून गेलं. आपल्या आगाऊपणाने देवी कोपली, एवढंच त्यांनी मनात धरलं. यंदा तर गव्हाला हात लावायचा नाही म्हणून अडून बसल्या. कारण विचारलं तर म्हणे कंबर दुखते.

कानबाईच्या आधी तेजसला धुळ्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. बाईही हट्टाने एसटीत बसल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निवांत समजावलं. आपल्या शरीरात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, निम्मी गुणसूत्रं आईची, निम्मी बापाची. एकविसाव्या जोडीत तेजसला एक जास्तीचं आलं.

जास्तीचं म्हणताच बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"डॉक्टरीणबाई, बठ्ठी चूक मनी शे," त्या सगळा दोष स्वतःवर घेत म्हणाल्या आणि मुठीची सगळी कथा सांगून ढसाढसा रडल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ते गुणसूत्र गर्भ राहतानाच येतं, म्हणाल्या, तुमची मूठ पडली तेव्हा ते येऊन बसलेलं होतं. खाण्यापिण्याने, नवसाने, कुणाच्या हातून काही घडल्याने ते येत नाही. आता त्याला बोलायला शिकवा, शाळेत घाला, हृदयाची तपासणी चुकवू नका.

बाईंना इतकं हलकं वाटलं की बाहेर येताच त्यांनी तेजसला उचलून त्याचे पटापट मुके घेतले. नूतन मात्र बाकावर बसून राहिली. ग्रहणात आपण काकडी चिरली होती, म्हणूनच हे झालं असं ती इतकी वर्षं समजत होती. तिने ते हळूच सांगितलं.

"अवं माय, मंग सांगं का नई?" बाई कळवळल्या.

नूतन डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही तरी कुठे सांगितलंत, आत्याबाई?"