वैद्याची लेव्हल तीन

"वैद्य व्हायला कुणी तयारच नाही," पराग सर म्हणाले आणि त्यांनी व्हाइटबोर्डवर पुन्हा तेच चार चौकोन काढले.

तिसरा आठवडा चालू होता. सकाळी दहाची मीटिंग जेवणाच्या वेळेपर्यंत आली होती आणि विषय एकच, आमच्या गेममध्ये क्लास ठेवायचे की नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा काय भांडायचा विषय झाला? पण आमच्या धंद्यात यावरून माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. मी पाहिलंय.

सोपं करून सांगते. आम्ही ऑनलाइन गेम बनवतो. शेकडो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी एकाच गडावर लढतात. खेळणाऱ्यानं सुरुवातीलाच एक भूमिका घ्यायची. तलवारबाज, तिरंदाज, हेर नाहीतर वैद्य. याला क्लास म्हणतात. मग शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात, ते एक्सपी. एक्सपी साठले की लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की अंगात बळ येतं, कपडे झकपक होतात आणि खालच्या लेव्हलवाल्यांना तुच्छ लेखायची मुभा मिळते. हे सगळं गणित ठरवणाऱ्या माणसाला सिस्टिम डिझायनर म्हणतात. ती मी, मेघना. सतरा वर्षं हेच करतेय आणि माझ्या सासूबाई अजूनही शेजारणींना सांगतात, "ती कॉम्प्युटरवर बसते."

पराग सर आमचे मालक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यात तुंगार्लीला एक वीकेंड बंगला भाड्यानं घेतला आणि त्यात स्टुडिओ काढला. स्विमिंग पूल आहे, पाणी नाही. सरांचं म्हणणं, "माणसाला आपण कोण आहोत हे पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे." म्हणून क्लास हवेत. केतन आमचा लीड प्रोग्रॅमर. त्याचं म्हणणं, क्लास हवेत कशाला? "जो जे करेल तो ते होईल!" हे तो अशा थाटात म्हणायचा, जणू आत्ताच साक्षात्कार झालाय. एकदा तर तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "ही जातिव्यवस्था आहे, सर!" सर म्हणाले, "ऑफिसात राजकारण नको." मग दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत डबा खाल्ला.

वैद्य कुणी का होत नाही, हे मात्र कुणीच बघत नव्हतं. आम्ही चाळीस जणांना गेम खेळायला दिला होता. त्यातल्या एकानेच वैद्य निवडला होता. ती सुनंदा. तिनंही हौसेनं नाही, तिला ते काम म्हणून दिलं होतं.

सुनंदा लोहगडवाडीची. गडाच्या पायथ्याशी तिच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची टपरी आहे, पिठलं-भाकरी, ताक, भजी. दोन वर्षांपूर्वी आमची टीम गडाच्या पायऱ्यांचे फोटो काढायला गेली होती. जेवताना केतन फोनवर आमच्या गेममधला गड दाखवत होता. सुनंदा भाकरी वाढता वाढता वाकून म्हणाली, "ह्या पायऱ्या चुकल्यात. हितनं माणूस खाली जाईल."

"नाही जाणार. तसं प्रोग्रॅमिंग केलंय," केतन हसत म्हणाला.

तिनं पदराला पीठ पुसलं, फोन घेतला, आणि दोन मिनिटांत आमचा शूर तलवारबाज तिसऱ्या पायरीतून आरपार निळ्या पोकळीत पडत निघाला.

"गेला बगा," ती म्हणाली.

आम्ही ती पायरी वर्षभर चढत होतो. आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. पुढे कंपनीला टेस्टर हवा होता तेव्हा सरांनी तिलाच बोलावलं. टेस्टर म्हणजे गेम मोडून बघणारा माणूस. चूक सापडली की ती कॉम्प्युटरवर नोंदवायची, त्या नोंदीला तिकीट म्हणतात. प्रोग्रॅमर ती चूक दुरुस्त करतो आणि तिकीट बंद करतो. सुनंदा बारावी झालेली. स्कूटीवरून घाट उतरून रोज यायची आणि रोज आमची अब्रू काढायची. कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं, पुढे कायम करायचं की नाही ते सर ठरवणार.

तिच्यासाठी ते 'कायम' फार मोठं होतं. चहा पिताना एकदा तिनं सांगितलं, "आबा म्हनलेत, कायम झालीस तर जा खुशाल. न्हाईतर टपरीवर माणूस पायजेच हाय. ताई, मला टपरीवर न्हाई बसायचं. हितं माझं मला टेबल हाय." आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालेल्या बाईला मी काय सांगणार? "होईल गं," म्हणाले. असं म्हणायला काय जातंय?

वैद्य कुणी का होत नाही, हेही तिनंच सांगितलं होतं. "मारल्याबिगर गुण न्हाईत. मी समद्यांना जित्तं ठेवते, आन लेवल वाढती त्यांची. कोन कशाला वैद्य हुईल?" मी "बरोबर आहे" म्हटलं, तिला तसं तिकीट करायला सांगितलं आणि ते यादीच्या तळाला ढकलून दिलं. क्लास असावेत की नसावेत यावर माझं एक प्रेझेंटेशन बाकी होतं ना!

तेवढ्यात सरांना सुचलं. सरांना सुचलं की आमचं काम वाढतं.

"आपण गेम बनवतो. मग ऑफिस गेमसारखं का नको? प्रत्येकाला क्लास. प्रत्येकाला लेव्हल. कॉन्ट्रॅक्ट, प्रमोशन, सगळं लेव्हलवर. एकदम पारदर्शक! मेघना, सूत्र लिहून दे."

मी सूत्र लिहून दिलं. एका दुपारीत. गेममधलंच उचललं, 'शत्रू मारला' खोडलं आणि 'तिकीट बंद केलं' घातलं. आठवड्यात भिंतीवर रंगीत तक्ता लागला. केतन तलवारबाज. सर किल्लेदार, आणि त्यांना लेव्हल नव्हती, कारण किल्लेदाराला मोजायचं नसतं. सुनंदा वैद्य. चहा करणाऱ्या मावशींना क्लासच नव्हता, म्हणून त्यांनी दोन दिवस चहा थांबवला. मग त्यांना 'कोठीदार, लेव्हल दहा' करण्यात आलं.

पुढे काय झालं ते गेम खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. केतननं एका तिकिटाची पाच करायला सुरुवात केली. पायरीचा रंग चुकला, हे एक. पायरीची सावली चुकली, हे दुसरं. मग पाचही बंद करून पाच तिकिटांचे गुण घ्यायचा. जो माणूस 'जो जे करेल तो ते होईल' म्हणत होता, तो दोन महिन्यांत लेव्हल एकतीस झाला आणि कॉफी मशीनपाशी त्याला बाकीचे वाट द्यायला लागले. अवघड चुकांना कुणी हात लावेना, त्यांना वेळ फार लागतो. तिसरी पायरी तशीच.

आणि सुनंदा? ती तिकिटं उघडायची. दुसरे बंद करायचे. उघडल्याचे गुण शून्य. वर्षाअखेरीला तिची लेव्हल तीन.

सरांनी नियम काढला, लेव्हल दहाच्या खाली कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, सुनंदा गेली तर गेम टेस्ट कोण करणार?"

"मी नाही काढत गं तिला. सिस्टिम काढतेय."

"सिस्टिम चुकीची आहे, सर."

"सूत्र तुझंच ना?"

खोटं कशाला सांगू, शरम वाटली, पण त्याहून जास्त राग आला. आणि राग काढायला माझ्याजवळ मीच होते.

दुसऱ्या दिवशी सुनंदा नियमांचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिनं तो अक्षर न् अक्षर वाचला होता. ऑफिसात दुसऱ्या कुणी वाचला असेल, असं मला वाटत नाही.

"ताई, उघडल्याचं काय न्हाई. बंद केल्याचं मिळतं. व्हय ना?"

"हो."

"आन कोनी बंद करायचं, त्ये हितं लिवलेलं न्हाई."

मी कागद पाहिला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

"आजून एक. ही शेवटची बारीक वळ. 'डिझाइन विभागाला लागू नाही.' ही तुमीच घातली का?"

मीच घातली होती. डिझायनर तिकिटं बंद करत नाहीत, आमची लेव्हल कशी वाढणार, म्हणून सहज घातली होती. मी मान हलवली. ती कागदाची घडी करून जाऊन बसली आणि तिनं दिवसभर मान वर केली नाही.

संध्याकाळी तक्ता बघायला गर्दी झाली. सुनंदा, वैद्य, लेव्हल बेचाळीस. तिनं आजवर स्वतः उघडलेली आणि तशीच पडून राहिलेली दोनशे सतरा तिकिटं एका दिवसात बंद केली होती. प्रत्येकावर एकच शेरा: 'असंच आहे.' पायरीतून माणूस पडतो, असंच आहे. तिरंदाजाचे हात कधीकधी दिसत नाहीत, असंच आहे. वैद्याला गुण मिळत नाहीत, असंच आहे. केतन लालबुंद. "ही चीटिंग आहे!" तो ओरडला. सुनंदा शांतपणे म्हणाली, "कागद वाचा की, दादा."

सर मात्र हरखून गेले. तक्त्याशेजारच्या स्क्रीनवर उघड्या चुका, शून्य. सगळं हिरवंगार. त्यांनी उभ्या उभ्या बंगळुरूला फोन लावून पब्लिशरला डेमोला बोलावलं. पब्लिशर म्हणजे आमचा गेम बाजारात आणणारी कंपनी. त्यांनी नाही म्हटलं की आमच्या बंगल्याला कुलूप.

मी पुन्हा केबिनमध्ये. "सर, चुका दुरुस्त झालेल्या नाहीत. नुसत्या बंद झाल्यात."

"बंद म्हणजे बंद."

"सर, तिसरी पायरी..."

"मेघना, तू नेहमी निगेटिव्ह असतेस."

मी हात जोडले आणि बाहेर आले.

डेमोला शिंदे मॅडम आल्या. मूळच्या साताऱ्याच्या, मोकळ्या बाई. मोठ्या स्क्रीनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला मारामारी नको बाबा, मी वैद्य होते." सरांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. मॅडम पायऱ्या चढल्या. एक, दोन, तीन, आणि निळ्या पोकळीत.

"असं कधी होत नाही," सर म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा मॅडमच्या पुढचा तिरंदाज बिनहाताचा चालत होता. केतन खिडकीबाहेर कोरड्या पूलकडे बघत बसला. मॅडमनी हातातला खेळायचा रिमोट खाली ठेवायला घेतला. तेवढ्यात कोपऱ्यातून सुनंदा म्हणाली, "मॅडम, डाव्या अंगानं घ्या. तिसऱ्या पायरीला पाय नका लावू, उडी मारा."

मॅडमनी उडी मारली. पार झाल्या.

"आता दारात थांबू नका, मागचं माणूस अडकतं. हां. त्या तोफंच्या मागनं जाऊ नका, तितं भित न्हाई, नुसतं चित्र हाय. आता जखमी गड्याला दोनदा औषध द्या, पयलं लागत न्हाई."

पाऊण तास ती बोलत होती आणि मॅडम चालत होत्या. बालेकिल्ल्यावर पोचल्या तेव्हा त्यांनी मागे वळून विचारलं, "हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिवलंय. दोनशे सतरा. आन बंद बी मीच केलं."

"का?"

सुनंदानं सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग सरळ सांगून टाकलं. "लेवल पायजे होती, मॅडम. न्हाईतर नोकरी जानार होती."

मॅडम उठल्या, भिंतीवरचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. "पराग, हे काय आहे?"

"गेमिफिकेशन, मॅडम."

"आमच्या साताऱ्यात याला पोरखेळ म्हणतात."

मी उभी राहिले आणि सूत्र माझं असल्याचं सांगितलं. बारीक ओळीसकट. शिव्या अपेक्षित होत्या, पण मॅडमनी नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

त्यांनी करार तिथं केला नाही, नाकारलाही नाही. तीन महिने दिले. अट एक. प्रत्येक चूक दुरुस्त झाली हे सुनंदानं स्वतः तपासून सही करायची. तिची सही नसेल तर ती चूक उघडीच धरायची. वैद्याला माणूस वाचवल्याचे गुण देण्याचं काम मी त्याच दुपारी केलं, वीस मिनिटं लागली. पुढच्या चाचणीत चाळीसांपैकी नऊ जण वैद्य झाले. तीन महिन्यांनी करार झाला. क्लास ठेवायचे की नाही यावर सर आणि केतन अजून भांडतात.

सरांनी सुनंदाला पत्र दिलं. जाड कागद, सोनेरी किनार, आत मोठ्या अक्षरांत 'महावैद्य, लेव्हल पन्नास'. तिनं ते दोनदा वाचून परत केलं.

"सर, हे आबांना वाचून दावलं तर त्ये मलाच दवाखान्यात न्हेतील."

"मग काय लिहू?"

"टेस्टर. कायम. येवढंच."

सरांनी तेवढंच लिहिलं. तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. घरी नेणार नाही का, मी विचारलं. "फोटो काडून धाडला की आबांना. पत्र माझ्या टेबलात ऱ्हाईल," म्हणाली.

मी जुन्या सूत्रात स्वतःला घालून बघितलं. लेव्हल एक आली. तेव्हा धडा विचाराल तर एवढाच: नियम लिहिताना स्वतःला सूट द्यायची असेल तर ती ओळ बारीक छापून उपयोग नाही. ज्याची नोकरी त्या कागदावर टांगलेली असते, तो सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो.