राखणीतली अकरा घरे

गावाच्या उगवतीला, कालव्याच्या अलीकडे बारा घरांची एक ओळ होती. गाव तिला कोयता गल्ली म्हणे. त्यातल्या अकरा घरांची माणसे दिवाळी आटोपली की ऊसतोडीला कऱ्हाडच्या पलीकडे जात आणि गुढीपाडव्यानंतर परतत. बाराव्या घरात चांगुणाबाई राही. ती कुठेच जात नसे.

पूर्वी तीही जाई. चौदाव्या वर्षी बोरीहून लग्न होऊन आली ती थेट उसाच्या फडात, आणि तिथे तिने बावीस हंगाम काढले. तेविसाव्या हंगामात ट्रकला लावलेल्या फळीवरून ती मोळीसकट घसरली आणि कंबरेत कायमची मोडली. मुकादमाने दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिले. नवरा हंगाम संपवूनच आला आणि चार वर्षांनी काविळीने गेला. मूलबाळ नव्हते. ज्या वस्तीत माणसाची किंमत त्याच्या डोक्यावरच्या मोळीवरून ठरते, तिथे मोळी उचलू न शकणारी विधवा म्हणजे कोणाच्या तरी ताटातली वाटेकरीण. धाकटी जाऊ पारूबाई तिला भाकरी वाढी आणि वाढता वाढता म्हणे, "आक्का, बसून खानाराला भूक लय लागती बगा."

मग एका वर्षी चार घरांचे पत्रे चोरीला गेले, आणि त्या चोरीने चांगुणाबाईला गल्लीत जागा मिळवून दिली. तेव्हापासून दस्तूरच पडला. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरावरचे पत्रे उतरवायचे, दारे बिजागऱ्यांतून काढायची आणि सारे चांगुणाबाईच्या घरात रचून ठेवायचे. उघड्या चौकटींतून शेळ्या शिरू नयेत म्हणून बाभळीच्या काट्या लावायच्या. तिच्या एवढ्याशा खोलीत पाच महिने पत्र्यांची थप्पी आढ्याला टेके आणि उरलेल्या दोन हात जागेत ती अंग टाकी. कोणता पत्रा कोणाचा, हे ती पत्र्यावरचे पोचे बघून सांगे. पंधरा वर्षांत एक पत्रा इकडचा तिकडे झाला नाही. राखणीबद्दल प्रत्येक घर तिला ज्वारी देई. पण ज्वारीपेक्षा मोठी गोष्ट ही, की परतलेली माणसे आधी तिच्या दारात येत. पारूबाईचे टोमणेही थांबले होते. राखण गेली की आपण पुन्हा वाटेकरीण, हे चांगुणाबाईला माहीत होते आणि गल्लीलाही.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि गावाचा पहिला विकास आराखडा निघाला. कोणती जमीन घरांसाठी पिवळी, कोणती शेतीसाठी हिरवी, बाजार कुठे, बगीचा कुठे, हे आता कागदावर ठरणार होते. त्याआधी आज कुठे काय आहे याची नोंद हवी, म्हणून पौषात एका खाजगी संस्थेची साक्षी नावाची मुलगी हातात टॅब घेऊन गल्लीत आली. चांगुणाबाईने तिच्यासाठी चहा ठेवला.

"आजी, ही घरं कुणाची?"

"आमचीच की. माज्या दिराची, पुतन्याची, भावकीची."

"कोणी राहतं का यात?"

"आता कोन ऱ्हाईल, माय? समदे कारखान्याला गेलेत. पाडव्याला येतील."

"म्हणजे आज मोकळी आहेत."

"मोकळीच की आज. वर छप्पर तरी कुठं हाय? मी उतरून ठिवलंय समदं." हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता.

टॅबवर तीन पर्याय होते: निवासी, शेती, मोकळी जागा. जुन्या महसुली दप्तरात ज्या गावात दिवा लागत नाही त्याला बेचिराख म्हणत. पण तसे लिहिण्यापूर्वी मुनशी निदान दिवेलागणीपर्यंत थांबत असेल. साक्षीला दिवसाला दीडशे नोंदी करायच्या होत्या. तिने अकरा फोटो काढले आणि अकरा वेळा तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवले. चांगुणाबाईच्या चुलीतून धूर निघत होता, म्हणून ते घर निवासी झाले. शेवटी माहिती देणाऱ्याची सही हवी होती. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली सही चांगुणाबाईने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जपत काढली. मुलगी लबाड नव्हती. तिला जे दिसले तेच तिने नोंदवले, आणि नाश व्हायला तेवढे पुरले.

आराखड्याचा मसुदा पुढच्या मार्गशीर्षात, म्हणजे गल्ली पुन्हा रिकामी असताना, नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला. हरकतींना तीस दिवसांची मुदत होती. बांधकाम विभागातला लिपिक शिवशंकर याने चांगुणाबाईला नकाशावर बोट ठेवून दाखवले: अकरा घरांच्या जागी आरक्षण क्रमांक एकतीस, उद्यान. त्या चौकोनात एक पिवळा ठिपका होता.

"हे तुमचं घर, मावशी. तुमचं तेवढं वाचलं."

शेजारची चार एकर शेती मात्र सबंध पिवळी झाली होती. ती तात्यारावांची, आणि तात्याराव त्याच वॉर्डाचे नगरसेवक. पहिल्या कच्च्या नकाशात बगीचा त्यांच्या रानात होता. बाजूला मोकळी जागा पडलेली असताना पिकते रान बगीच्याला कशाला, असे त्यांनी समितीच्या नजरेस आणून दिले. नंतर त्याच पिकत्या रानात घरांचे प्लॉट पडणार होते, ही गोष्ट वेगळ्या पानावर होती.

चांगुणाबाईने पारूबाईच्या मुलाला, जीवनला, फोन लावला.

"मोठीमाय, मुकादम मयतीला सोडीना, नकाशाला कोन सोडतंय?" जीवन म्हणाला. "तू हाईस की तितं. राखन तुजीच हाय."

तिने हरकतीचा अर्ज दिला. माघात सुनावणी लागली. त्या दिवशी तात्यारावांनी तिला स्वतःच्या गाडीतून सभागृहात आणले. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त नगररचनाकार होते. सभ्य, थकलेले, आणि सकाळपासून साठ हरकती ऐकून बसलेले.

"बोला बाई, काय म्हणणं आहे?"

"सायब, ती जागा मोकळी न्हाई. मानसं हाईत तिथं."

"कुठे आहेत?"

"ऊस तोडायलेत."

मागच्या बाकांवर हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. "घरपट्टीच्या पावत्या?"

"त्येंच्या पेट्यांत. पेट्या संगं गेल्या. ह्या मोबाइलात फोटू धाडलाय पोरानं."

"मूळ पावती लागते. कार्यालयाच्या रजिस्टरला काय नोंद आहे?"

ग्रामपंचायतीचे जुने रजिस्टर तपासणीला तालुक्याला गेले ते परत आले नाही, असे शिवशंकर म्हणाला. अध्यक्षांनी सर्वेक्षणाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"ही सही तुमचीच ना?"

"माजीच." नाकारायचे तिला सुचलेच नाही.

"यात तुम्हीच सांगितलंय की घरं मोकळी आहेत, वर छप्पर नाही."

तेवढ्यात तात्याराव उठले. "साहेब, मावशी आमच्या घरच्यासारख्या आहेत. गरिबावर अन्याय नको. आपण एकदा प्रत्यक्ष जागा बघावी." ते सर्वांना पटले. आठ दिवसांनंतरची पाहणी ठरली.

परतताना गाडीत तात्याराव म्हणाले, "मावशी, सायबाला घर दिसलं पाह्यजे. नुसत्या भिताडांना घर कोन म्हनंल? पत्रे हाईत ना तुमच्यापाशी?"

"हाईत की. समदे हाईत."

"मग चढवा. फकस्त माजं नाव काडू नका. लोक म्हनतील, नगरसेवक एकाचीच बाजू घेतो."

"न्हाई काडत," म्हणत चांगुणाबाईने त्यांना हात जोडले.

बोरीहून तिचे दोन भाचे आले, वाल्मीक आणि बालाजी. तीन दिवस काम चालले. "आत्या, पत्र्याचं दुकानच टाकायचं की," वाल्मीक आढ्यावरून ओरडला. "गल्ल्यावर मी बसतो."

"तू बस, आन् दुकान बुडव. आरं, त्यो न्हाई! कडंला पोचा हाय त्यो सटवाजी भावजीचा, तिसऱ्या घरावरचा." काठी टेकत ती भिंतीभिंतीने फिरत होती.

एरवी गल्लीतली माणसे पत्र्यांवर दगड ठेवत आणि तारेने बांधत. पण साहेबांच्या देखत वाऱ्याने एखादा पत्रा उचलला तर शोभा व्हायची, म्हणून तिने बाजारातून नवे खिळे आणवले. दारे बसली. अंगणे सारवून झाली. अकरा उंबऱ्यांपुढे तिने रांगोळी घातली, आणि ऐन हंगामात उभी राहिलेली ती ओळ बघत कालव्याच्या काठावर बराच वेळ बसली.

समिती आली. पहिल्या घरापुढे उभे राहून अध्यक्ष म्हणाले, "घर तर दिसतंय." चांगुणाबाई दार उघडून दाखवायला पुढे झाली.

"साहेब, खिळे बघा," तात्याराव म्हणाले. "एकालाही गंज नाही."

अध्यक्षांनी वर पाहिले. मग टॅबवरचा वर्षापूर्वीचा फोटो पाहिला. भिंती त्याच होत्या, वर आभाळ होते.

"हे पत्रे कधी बसवले, बाई?"

"परवा, सायब."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

तिने तात्यारावांकडे पाहिले. ते वाकून रांगोळी न्याहाळत होते. दिलेला शब्द तिला आठवला. "माज्याच," ती म्हणाली.

अध्यक्षांना खरोखर वाईट वाटले. "तुम्ही पाडव्यापर्यंत थांबला असतात, माणसं पावत्या घेऊन आली असती, तर काहीतरी करता आलं असतं. आता हे प्रस्तावित आरक्षणावरचं विनापरवाना बांधकाम झालं." आणि त्यांनी तसा शेरा लिहिला.

चार दिवसांत अकरा दारांवर नोटिसा चिकटल्या. प्रत्येकीवर "भोगवटादार" असे संबोधन होते. ज्या कार्यालयाला त्या घरांत राहणारे एकही माणूस सापडले नव्हते, त्याला पाडायच्या वेळी अकरा भोगवटादार सापडले. मुदत सात दिवसांची होती. जीवनचा फोन लागला, तर तो म्हणाला की गाडी भरायलाय, रात्री बोलतो. त्या रात्री त्याचा फोन आला नाही.

आठव्या दिवशी सकाळी जेसीबी आला. पत्रे तेवढे उतरवू दे, असे ती चालकाला म्हणाली.

"मावशी, मला तासावर पाठवलंय."

तिने सटवाजीच्या घराचा एक पत्रा खालून ओढून पाहिला. नवा खिळा हलला नाही. भिंती कोसळल्या तसे पत्रे त्यांच्याबरोबर दुमडत गेले. आपल्या खोलीत रचलेले असते तर हे सारे शाबूत राहिले असते, हा विचार तिच्या मनात पाचवे घर पडताना आला. त्यानंतर सहा घरे पडायची होती.

पाडव्यानंतर ट्रॅक्टर आले. पारूबाई ढिगाऱ्यावर उभी राहिली. भिंतींविषयी तिने काही विचारले नाही.

"पत्रे कुठं हाईत?"

"चढवले व्हते."

"तुला कोनी सांगितलं व्हतं?" तिच्या बोलण्यातून 'आक्का' गेले होते, आणि 'तुमी'सुद्धा.

"तात्यारावनं."

सटवाजी खदखदून हसला. "तात्यारावनं सांगितलं आन् हिनं आयकलं! आन् हिचं घर बरं ऱ्हायलं उभं?"

जीवनने कार्यालयातून सर्वेक्षणाच्या कागदाची नक्कल आणली आणि ढिगाऱ्यावर उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवली, खालच्या सहीपर्यंत. तिच्यावर कोणी हात उचलला नाही. सर्वांनी कालव्याच्या काठी ताडपत्र्या ताणल्या. पाणी भरायला ती नळावर गेली की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. पंधरा दिवसांनी पारूबाईनेच तोंड उघडले.

"आमाला इकलं नसशील, तर तुजं बी घर पाडून घे. मंग ये आमच्यात."

चांगुणाबाई त्याच दिवशी कार्यालयात गेली. पारूबाई फाटकाशी थांबली.

"मावशी, तुमचं निवासी आहे," शिवशंकर म्हणाला. "ते कसं पाडणार?"

"मी हरकत घेते."

"मुदत पौषातच संपली. आणि स्वतःचं घर वाचलं म्हणून हरकत कोण घेतं?"

"मंग माजं मीच पाडते."

"त्यालाही अर्ज लागतो, पाहणी लागते. आणि कशाला पाडता? समोर झाडं येतील, बाकडी येतील. म्हातारपणी सावलीला बसाल." तो मनापासून बोलत होता. त्याने तिला पाणीही दिले.

ती बाहेर आली.

"काय म्हनले?" पारूबाईने विचारले.

"पाडीत न्हाईत."

"मला ठावंच व्हतं." पारूबाईने पदर खोचला आणि ती कालव्याच्या वाटेला लागली. कंबरेला हात लावून चांगुणाबाई तिच्यामागून दहा-बारा पावले गेली. पारूबाईने मागे वळून न पाहता वाटेतला एक दगड उचलला, मागे लागलेल्या कुत्र्यासाठी उचलतात तसा, आणि तो हातात घेऊनच ती चालत राहिली.