मामांचं कारंजं आणि तलावाची एक फेरी

जानेवारीत मामांचा फोन आला. "शनिवारी ये की गं सोलापूरला. रविवारी तलावाच्या बागेची सभा आहे, माणसं कमी पडायला नकोत."

लोक भाचीला हुरडा खायला बोलावतात. मला हात वर करायला बोलावलं होतं. तरी गेले.

पुण्याहून रेल्वेने साधारण चार तास. स्टेशनवर रिक्षावाल्याने शंभर सांगितले, साठावर आला. जायचं असेल तर थंडीतच जा; मार्चनंतरच्या उन्हात बाग बघायचा हट्ट धरू नका.

मामा निवृत्त चित्रकला शिक्षक. तलावात संगीताच्या तालावर नाचणारं कारंजं व्हावं म्हणून तीन वर्षं अर्ज करतायत, प्रत्येक अर्जाला स्वतः रंगवलेलं चित्र जोडून. जेवणाच्या टेबलावर ती चित्रं पसरलेली, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी मांडीवर ताट घेऊन खाल्ली.

"त्या कारंज्यात एकदा यांनाच उभं करा म्हणावं," मामी म्हणाली आणि माझ्या चटणीवर आणखी दही घातलं.

रविवारी पहाटे तलावाची फेरी. तासाभराची आहे, बूट चांगले घाला. अर्ध्या वाटेवर फरशी, पुढे नुसती माती आणि वर आलेली मुळं. पाण्यावर धुकं होतं, बगळे होते, आणि मामांच्या फिरायच्या गटातल्या पद्मक्का होत्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवणाऱ्या, साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. चाल अशी की मी मागे पडले.

अर्ध्यावर मामांचा वेग मंदावला. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाले आणि एका बाभळीमागे गेले.

मलाही गरज होतीच. मी पद्मक्कांना हळूच विचारलं, "बायकांची सोय कुठे आहे इथे?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "घरी."

मी हसले. त्याही हसल्या, मग म्हणाल्या, "उठल्यापासनं पाण्याचा थेंब घेत न्हाय आमी. डॉक्टर म्हणतो, अक्का, पाणी प्या आणि फिरा. दोनी एकदम कसं जमायचं? आमच्या गल्लीतल्या चौघी यायच्या आधी. आता मी एकटीच."

मामा मागे येऊन उभे होते. उरलेल्या फेरीत ते कारंज्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. असं पहिल्यांदाच झालं, हे मला पद्मक्कांनी नंतर सांगितलं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. महापालिकेच्या तरुण इंजिनिअरने पडद्यावर नकाशा दाखवला आणि सरळ सांगितलं, "निधी एकाच कामापुरता आहे. कारंजं घेतलं, तर स्वच्छतागृह, दिवे पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा कधी, ते मला विचारू नका."

हॉलमध्ये कारंज्याचीच हवा होती. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बोला की! तुमचंच हाय ते!"

मामा उभे राहिले. चित्राची गुंडाळी उघडली, बघितली, परत गुंडाळली.

"कारंजं चांगलंच आहे," ते म्हणाले. "मी काढलंय." लोक हसले. "पण आधी बायकांचं स्वच्छतागृह करा. पाणी आणि दिव्यासकट. तीन वर्षं रोज त्या वाटेनं चाललो, मला ते सुचलं नाही. कुठं पाहिजे ते पद्मक्का सांगतील."

पद्मक्का शेवटच्या रांगेत होत्या. पदर सावरून उठल्या. "मागच्या गेटापाशी, रस्त्यावरनं दिसंल असं. बाभळीपाशी नगं. तितं मास्तरांची गर्दी असते."

सगळा हॉल हसत सुटला. मामांचे कान लाल झाले, पण सगळ्यात आधी हात त्यांनीच वर केला. मग बाकीचे वर गेले, माझाही. मी तिथली मतदार आहे का, हे कुणी विचारलं नाही. इंजिनिअरने नकाशावर मागच्या गेटापाशी फुली मारली.

घरी येताना मामा एवढंच म्हणाले, "लई देखणं कारंजं होतं गं." मामीने न मागता चहा टाकला, आणि कधी नव्हे ते टेबलावरची चित्रं जपून गुंडाळून कपाटात ठेवली.

आता मामा दर सोमवारी फाईल कुठवर गेली ते विचारायला कार्यालयात जातात. पद्मक्का सोबत असतात. नाहीतर मास्तर हळूच कारंजं घुसवतील म्हणे. काम अजून सुरू झालेलं नाही.

मी इथे पुण्यात आठ वर्षं रोज आमच्या टेकडीवर जाते. पायथ्याशी भाजी विकणाऱ्या मावशी तेवढीच वर्षं तिथे बसतात. परवा पहिल्यांदा त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही कधी वर गेलात का?"

"वर काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि सांगायला बसले.