एक दिवस आधीचे कावळे

खीमदाच्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गावात पोरंसोरंही जाणतात. दिसलेला पक्षी तो सांगतोच, पण न दिसलेलाही असा रंगवतो की पाहुणा रिकाम्या फांदीचा फोटो काढून खूश होतो. नैनितालच्या वरच्या अंगाला आमचं गाव. हिवाळ्यात कॅमेरेवाले येतात आणि खीमदा, म्हणजे खीमसिंह मेहरा, त्यांना पक्षी दाखवत रानात फिरवतो. माझं चहाचं दुकान त्याच्या शेजारीच, त्यामुळे त्याच्या सगळ्या थापा आधी मला ऐकाव्या लागतात.

अलीकडे पाहुणे रोडावले होते. रुद्रपूरच्या कारखान्यात मेहुण्याने त्याच्यासाठी रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. संक्रांत झाली की खाली निघून ये, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो, असा निरोप होता. खीमदा आणि रखवालदार! दुर्बिणीशिवाय हा माणूस परसाकडेही जात नाही. बायको जानकी गप्प होती, पण दुसरीतल्या उमीने बापाशी अबोलाच धरला होता.

अशात कोईमतूरच्या शिवगामी मॅडमचा फोन आला. त्या पक्षीवेड्यांच्या तुकड्या डोंगरात आणतात. यंदा नवं गाव शोधत होत्या आणि त्यांना बघायचं होतं काळ्या डोळ्यांचं, तपकिरी रानघुबड. खीमदाने लगेच शब्द दिला. ओढ्याकाठच्या बांजाच्या, म्हणजे आमच्या डोंगरी ओकच्या झाडात एक घुबड दिवसभर झोपलेलं असायचं, हे खरंच होतं. पण बर्फ पडला आणि त्याने झाड सोडलं. खीमदाने रान पालथं घातलं, पत्ता नाही.

"मॅडमना खरं काय ते सांगून टाक," मी म्हटलं.

"खरं सांगून कुणाचं पोट भरलंय?" तो म्हणाला. "संक्रांतीच्या पहाटे बोलावलंय. सगळं गाव चिडीचूप असतं. कुठे ना कुठे हुंकारेलच ते."

हिशेब बरोबर होता. आमच्याकडे संक्रांतीला गोड पिठाचे घुघुते तळतात आणि माळ करून पोरांच्या गळ्यात घालतात. कावळ्यांना बोलवायचं ते दुसऱ्या दिवशी उजाडताच. सगळी पोरं गच्चीवर उभी राहून बोंबलतात, कावळ्याला घुघुता देतात आणि बदल्यात काहीतरी मागतात. सरयू नदीपलीकडे मात्र हे सगळं एक दिवस आधी असतं. जानकी गंगोलीहाटची, म्हणजे पलीकडची. घरचा सण सासूच्या हातात असे, पण यंदा सासू धाकट्याकडे हल्द्वानीला. जानकीने संक्रांतीच्या आदल्या रात्रीच माहेरच्या सवयीने कढई चढवली, आणि खीमदा घुबडाच्या नादात ताटातले घुघुते खाऊनही भानावर आला नाही.

संक्रांतीला झुंजुमुंजू होताना खीमदाच्या घरामागे मॅडम कॅमेरा लावून उभ्या, खीमदा तोंडावर बोट ठेवून, आणि मी किटली घेऊन. तेवढ्यात गच्चीवरून उमीने काळीज फाटेल अशी आरोळी ठोकली. बघता बघता कावळे गोळा झाले. बारीकसारीक पाखरं झुडपांत गडप झाली. खीमदाच्या तोंडचं पाणी पळालं.

"जानकी! आज नाही, उद्या असतं!"

"आमच्यात आजच असतं!"

"तुमच्यात म्हणजे? तू राहतेस कुठे?"

"भुकेला कावळा काय नदी विचारून येतो?" जानकी वरून म्हणाली. "आणि तुम्हाला कुठे राहायचंय इथे? चाललाच आहात ना रुद्रपूरला?"

खीमदा उत्तर देणार, तोच सगळे कावळे गच्ची सोडून गोठ्यामागच्या बांजावर तुटून पडले. काय तो कालवा! कावळे असे घुबडावरच तुटून पडतात, हे खीमदाला पक्कं ठाऊक. मग तो धावला, मागोमाग मॅडम, मागोमाग सांडत्या किटलीसह मी. खोडाला चिकटून, डोळे किलकिले करून, रानघुबड बसलं होतं. ज्याच्यासाठी रान पालथं घातलं, ते त्याच्याच गोठ्यामागे.

मॅडमनी चार फोटो काढले आणि कॅमेरा खाली केला. "बास. फार छळतायत त्याला."

"जानकी, आता बोलव गं तुझ्या माहेरच्यांना!" खीमदा ओरडला. जानकीने उरलेसुरले घुघुते गच्चीवर उधळले, उमीने पुन्हा गळा काढला आणि कावळे तिकडे वळले. घुबडाने मान खांद्यात घेऊन डोळे मिटले.

"पुढच्या महिन्यात पहिली तुकडी आणते," मॅडम म्हणाल्या. "उन्हाळ्यापर्यंत तुम्हाला उसंत नाही, खीमसिंहजी."

खीमदाचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू. तो ओल्या मातीत तसाच फतकल मारून बसला, हसला आणि बाहीने डोळे पुसले. मग माझ्या दुकानात येऊन त्याने मेहुण्याला फोन लावला. "दुसरा रखवालदार बघा," एवढंच बोलला. लोक म्हणतील, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. म्हणोत.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कावळ्यांना बोलवत होतं आणि सगळ्यात मोठा आवाज खीमदाचा होता. शेजारच्या पोरी बांगड्या मागत होत्या, पैंजण मागत होत्या. उमी मात्र नुसतीच घुघुते फेकत होती.

"अगं, माग की काहीतरी!" खीमदा म्हणाला.

"माझं काल मागून झालं, बाबू," उमी म्हणाली.

इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. खीमदाला जन्मात पहिल्यांदा बोलायला काही सुचेना.